ठोका कोठे पडतो? – रॉक संगीतातील हललेला आघात समजून घेण्यासाठी एक पाठ



शेजारच्या खोलीत मुलाने किंवा मुलीने गाणे लावलेले आहे. शब्द नीट कळत नाहीत, परंतु ड्रमचा आवाज भिंत ओलांडून आपल्यापर्यंत येतो. आपण नकळत टेबलावर बोटाने ठेका धरू पाहतो आणि दोन-चार ठोक्यांतच बोट अडखळते. जेथे ठोका पडावा असे वाटते, तेथे शांतता. जेथे काही अपेक्षित नाही, तेथे नेमका आघात. मग आपण म्हणतो, 'याला का ताल म्हणायचे?' हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडला असेल.

हा प्रश्न मीही एकेकाळी विचारला होता. नुसता विचारला असता तर बिघडले नसते. परंतु उत्तर आपल्याला ठाऊक आहे असे धरून मी निर्णयही दिला. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी आमच्या मंडळीच्या उपासना समितीचा सभासद होतो. तरुण संघाने वर्गणी काढून एक जुना ड्रमसेट घेतला होता आणि नाताळच्या सरावात एकोणीस वर्षांचा एक मुलगा तो वाजवीत असे. ऐकताना मला सारखे जाणवे, की याच्या पायाचा ठोका गाण्याच्या आधीच पडतो. 'मुलगा बेताल आहे आणि हा तालच मुळी उपासनेस शोभणारा नाही,' असे मी समितीत सांगितले. मी ईशज्ञानाचा पदवीधर, मूळ भाषांचा अभ्यासक. माझ्या शब्दाला वजन होते. ड्रमसेट कोठीच्या खोलीत गेला. तो मुलगा मला एवढेच म्हणाला, "सर, आपण एकदा मोजून पाहाल का?"

मी मोजले नाही. पुढे कित्येक वर्षांनी कपाट आवरताना त्याच सरावाची ध्वनिफीत हाती लागली, तेव्हा प्रथमच हातात घड्याळ धरून मी मोजू लागलो. त्या मोजणीत मला जे आढळले, ते आपणापुढे पाठरूपाने मांडण्याचा हा प्रयत्न आहे. संगीताचे शिक्षण नसलेल्या वाचकासही तो समजावा. फक्त एक विनंती: वाचताना हात मोकळे ठेवा आणि जेथे मोजा असे लिहिले आहे, तेथे खरोखर मोजा.

१. मोजण्याची रीत

रॉक संगीतातील बहुसंख्य गाणी चार ठोक्यांच्या आवर्तनात बांधलेली असतात. प्रत्येक ठोक्याचे दोन समान भाग करा आणि संथपणे, तोंडाने मोजा:

एक नि । दोन नि । तीन नि । चार नि

ही आठ घरे झाली. आकडा उच्चारला जातो ते घर बळकट आणि 'नि' उच्चारले जाते ते दुबळे. 'एक' हे घर सर्वांत बळकट. आपल्या तालातील समेसारखे. आठ घरांचा हिशेब आपल्याला नवा नाही. भजनाला सर्रास वाजणारा केरवा आठ मात्रांचाच असतो: धा गे ना ती, न क धी ना. म्हणून ज्याला केरवा धरता येतो, त्याला रॉकचे आवर्तन धरता येण्यास अडचण नाही.

ड्रमसेटमध्ये वाद्ये पुष्कळ दिसली, तरी आरंभी तीनच लक्षात घ्यावीत. जमिनीवर आडवा ठेवलेला मोठा बास ड्रम पायाने पेडल दाबून वाजवितात. त्याचा नाद खर्जातला. वादकाच्या गुडघ्यांमध्ये येईल असा स्नेअर ड्रम. त्याच्या खालच्या बाजूस तारा ताणलेल्या असल्याने आवाज तडतडीत येतो. आणि दांडीवर बसविलेली झांजांची जोडी, हाय-हॅट. ती बहुधा आठही घरांत बारीक वाजत राहते आणि घड्याळाचे काम करते. बास ड्रमसाठी 'धूम', स्नेअरसाठी 'टक' आणि रिकाम्या घरासाठी अवग्रह अशी खूण मानू. रॉकचा अगदी मूळचा ठेका असा आहे:

धूम ऽ । टक ऽ । धूम ऽ । टक ऽ

पाय एक आणि तीनवर, हात दोन आणि चारवर. दोन व चार या ठोक्यांवरील स्नेअरच्या आघाताला बॅकबीट असे म्हणतात. क्वीन या इंग्रज वाद्यवृंदाचे १९७७ चे 'वी विल रॉक यू' हे गाणे क्रीडांगणांवर इतके वाजले आहे, की ते बहुतेकांनी ऐकलेले असते. (या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारूख बल्सारा, बालपणीची काही वर्षे पाचगणीच्या शाळेत शिकला होता.) त्या गाण्याच्या ठेक्यात ड्रमसेट नाहीच, पाय आपटणे आणि टाळ्या एवढेच आहे:

धूम धूम । टक ऽ । धूम धूम । टक ऽ

पाय आपटून व टाळी वाजवून हे करून पाहा. टाळी 'दोन' आणि 'चार'वर येते. बॅकबीट म्हणजे काय, हे आपल्या शरीराला आता कळले आहे.

२. आघात हलतो म्हणजे काय?

ठोका बळकट घरातून उचलून दुबळ्या घरात ठेवला, अथवा बळकट घर मुद्दाम रिकामे सोडले, तर त्याला सिंकोपेशन असे म्हणतात. या शब्दाच्या मुळाशी 'सुंकोपे' हा ग्रीक शब्द आहे. कापणे, तोडणे असा त्याचा अर्थ. व्याकरणात शब्दाच्या मध्यावरील ध्वनी गळतो त्यालाही हेच नाव आहे. 'माणूस' या शब्दाचे 'माणसाला' होताना मधला ऊ गळतो, तसे. वैद्यकात क्षणभर शुद्ध हरपते त्यालाही हेच नाव. तिन्ही ठिकाणी भाव एकच: चालू असलेले काहीतरी मध्येच तुटले. मराठीत त्याला सर्वमान्य प्रतिशब्द नसल्याने या लेखात मी 'हललेला आघात' असे म्हणणार आहे.

भाषांतराच्या टेबलाशी बसणाऱ्याला या गोष्टीचे नवल वाटू नये, कारण आपली मराठी रोज हेच करते. 'पेत्र काल आला' हे साधे वाक्य घ्या. 'पेत्रच काल आला' म्हटले, की दुसरे कोणी आले नाही. 'पेत्र कालच आला' म्हटले, की आज किंवा परवा नव्हे. 'पेत्र काल आलाच' म्हटले, की येणार नाही असे वाटत असताना आला. शब्द तेच, क्रम तोच. एक 'च' जागा बदलतो आणि अर्थ बदलतो. हललेला आघात हा तालातला 'च' आहे. तो ताल मोडीत नाही. ऐकणाऱ्याचे लक्ष कोठे जावे हे ठरवितो.

मात्र येथे एक अट आहे आणि तीच या पाठाचे मर्म आहे. आघात हलला हे कळण्यासाठी तो मुळात कोठे पडायला हवा होता, हे ऐकणाऱ्याच्या मनात पक्के असले पाहिजे. न वाजलेला ठोका ऐकणारा स्वतःच्या मनात वाजवितो आणि त्या मनातल्या ठोक्याला वाजलेला ठोका घासून जातो. म्हणूनच असा ताल ऐकताना अंग हलते, मान डुलते. राहिलेली जागा शरीर भरून काढते. ज्याच्या मनात मूळ मोजणी चालू नाही, त्याला मात्र केवळ गोंगाट ऐकू येतो. माझे नेमके तेच झाले होते.

आपल्या तालशास्त्राला ही कल्पना परकी नाही. तबलावादकाची तिहाई समेच्या किंचित आधी संपली तर 'अनागत' आणि समेनंतर संपली तर 'अतीत' असे आपण म्हणतो. श्रोते दाद देतात ती समेचे स्थान त्यांना ठाऊक असते म्हणून. तबलजी चुकला, असे कोणी म्हणत नाही.

३. तीन प्रकार

पहिला प्रकार: ठोका आधी येणे. ध्वनिफितीवरील त्या मुलाचा ठेका मी मोजला, तो असा होता:

धूम ऽ । टक धूम । ऽ ऽ । टक ऽ

'तीन'वर पडावयाचा पायाचा ठोका अर्धा ठोका आधी, 'दोन'नंतरच्या 'नि'वर पडत होता आणि 'तीन' रिकामा राहत होता. पहिल्या कडव्यात तसेच, दुसऱ्यात तसेच, शेवटच्यातही तसेच. हाय-हॅट मात्र आठही घरे न चुकता भरीत होती. बेताल वादकाची चूक दर वेळी नव्या जागी होते. हा मुलगा प्रत्येक आवर्तनात त्याच घरात येत होता. मोजता येत नव्हते ते मला.

दुसरा प्रकार: ठोका नंतर येणे. जेम्स ब्राऊन यांच्या १९६७ च्या 'कोल्ड स्वेट' या गाण्यात क्लाइड स्टबलफील्ड यांचे ड्रमवादन आहे. हे फंक नावाच्या शैलीतले गाणे. परंतु रॉकच्या ड्रमवादकांनी त्या शैलीपासून पुष्कळ घेतले. त्याच्या ठेक्यात 'दोन'वरचा स्नेअर आपल्या जागी येतो आणि 'चार'वरचा मात्र अर्धा ठोका उशिरा, 'चार'नंतरच्या 'नि'वर येतो. 'चार' उच्चारताना हात हवेतच थांबल्यासारखा वाटतो आणि लगेच पुढचा 'एक' अंगावर येतो. स्टबलफील्ड मोठ्या आघातांच्या मधल्या घरांत स्नेअरवर अगदी हलके, जेमतेम ऐकू येतील असे ठोके पेरीत. त्यामुळे आघात हलला तरी धागा तुटत नसे.

तिसरा प्रकार: बळकट घर रिकामे ठेवणे. द रॉनेट्स यांच्या १९६३ च्या 'बी माय बेबी' या गाण्याचा आरंभ केवळ ड्रमने होतो. वादक हाल ब्लेन. मोजा:

धूम ऽ । ऽ धूम । धूम ऽ । टक ऽ

बॅकबीटच्या नियमाने 'दोन'वर स्नेअर हवा होता. तेथे काहीच नाही. कान वाट पाहतो, पाहत राहतो आणि 'चार'वर तो आघात येतो तेव्हा दुप्पट मोठा वाटतो. 'दोन'वरचा ठोका प्रथम आपल्या हातून अनवधानाने निसटला, असे ब्लेन यांनी पुढे सांगितले होते. परंतु निसटलेली ती जागा त्यांनी पुढच्या आवर्तनातही नेमकी तशीच ठेवली. चूक एकदा होते. तीच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा त्याच घरात आली, की तिला रचना म्हणावे लागते. जमैकातील रेगे संगीतात तर 'एक' हेच घर रिकामे ठेवण्याची रीत प्रसिद्ध आहे आणि तेथून ती काही रॉक वादकांनीही उचलली.

आता एक गंमत पाहा. दोन आणि चारवर आघात देण्याची रीत रॉकमध्ये इतकी रुळली, की तोच नियम झाला. १९६७ मध्ये क्रीम या वृंदाच्या 'सनशाईन ऑफ युअर लव्ह' या गाण्यात जिंजर बेकर यांनी एक आणि तीनवर जोर दिला, तेव्हा मुळात सरळ असलेला तोच आघात लोकांना उलटा वाटला. सरळ काय आणि उलटे काय, हे कानाला लागलेल्या सवयीवर पुष्कळसे अवलंबून असते.

ऐकणाऱ्याची मोजणी फसविणारेही एक प्रसिद्ध उदाहरण आहे. लेड झेपेलिन यांच्या १९७१ च्या 'रॉक अँड रोल' या गाण्याचा आरंभ जॉन बॉनम यांच्या ड्रमने होतो. पहिला ठोका ऐकताच आपण त्याला 'एक' मानतो आणि गिटार आली की आपला हिशेब कोलमडतो. कारण तो पहिला ठोका 'एक' नसून 'तीन'नंतरचा 'नि' आहे. मनातल्या मनात 'एक नि दोन नि तीन' असे म्हणून मग ऐका; सर्व ठोके आपापल्या घरी येतात. ही सुरुवात बॉनम यांनी लिटल रिचर्ड यांच्या १९५७ च्या 'कीप अ-नॉकिन' या गाण्यावरून घेतली होती. त्यात चार्ल्स कॉनर यांचे वादन होते. ज्याची सम चुकली, त्याला पुढचे सगळे चुकलेलेच ऐकू येते. दोष वादकाकडे शोधण्यापूर्वी आपली सम तपासावी, हे त्यावरून शिकण्यासारखे आहे.

४. हा ताल आला कोठून?

हललेल्या आघाताची रॉकमधील वाट मागे शोधीत गेले, तर ती अमेरिकेतील आफ्रिकन गुलामांच्या वस्त्यांपर्यंत जाते. दक्षिण कॅरोलायना वसाहतीत १७३९ मध्ये स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केले आणि ते ढोल वाजवीत चालून गेले. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, तेथे कायदा झाला आणि त्यात गुलामांना ढोल व शिंगे बाळगण्यास मनाई करण्यात आली. ढोल गेले, परंतु मांड्या, छाती आणि तळवे काढून घेता आले नाहीत. मांडी-छातीवर थापट्या मारून ताल धरण्याची 'जुबा' अथवा 'हॅमबोन' नावाची रीत त्या लोकांत जिवंत राहिली. न्यू ऑर्लिन्स शहरात १८१७ च्या नियमाने गुलामांना रविवारी एका नेमून दिलेल्या जागी जमण्याची मुभा होती; काँगो स्क्वेअर या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या मैदानात मात्र ढोल वाजत राहिले.

हॅमबोनचा तो ताल १९५५ मध्ये बो डिडली यांच्या, त्यांच्याच नावाच्या ध्वनिमुद्रिकेतून जगभर पोहोचला. तो समजण्यासाठी प्रत्येक ठोक्याचे चार भाग करून सोळा घरे घ्या आणि टाळी वाजवा:

टक ऽ ऽ टक । ऽ ऽ टक ऽ । ऽ ऽ टक ऽ । टक ऽ ऽ ऽ

टाळ्या पाच: पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या घरात. यांपैकी पहिले व तेरावे घरच मूळ ठोक्यावर आहे. पाचवे व नववे ही बळकट घरे रिकामी आहेत. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्या अर्ध्यात दोन. क्यूबाच्या संगीतातही हाच साचा आढळतो, कारण दोन्हींचे मूळ आफ्रिकेत आहे. पायाने चार संथ ठोके चालू ठेवून या पाच टाळ्या जमविणे हा या पाठातील सर्वांत उपयुक्त सराव आहे.

बॅकबीटची वाट काहीशी वेगळी आहे. कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांत गाताना दोन आणि चारवर टाळी वाजविण्याची प्रथा होती. न्यू ऑर्लिन्सचे ड्रमवादक अर्ल पामर यांनी डिसेंबर १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनो यांच्या 'द फॅट मॅन' या गाण्यात सबंध गाणेभर दोन व चारवर जोरदार स्नेअर वाजविला. त्यापूर्वी तेथील जॅझ वादक असा जोर मुख्यतः शेवटच्या, रंगलेल्या आवर्तनासाठी राखून ठेवीत. पामर यांनी तो आरंभापासूनच दिला. सिस्टर रोझेटा थार्प या उपासनागीते गाणाऱ्या बाईंनी १९४० च्या दशकात विजेच्या गिटारवर जे वाजविले, त्याचे ऋण रॉकच्या पहिल्या पिढीवर आहे, हे आता सर्वमान्य असून २०१८ मध्ये त्यांचा समावेश रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये झाला.

मी समितीत 'हा ताल उपासनेचा नाही' असे म्हणालो, तेव्हा यातील काहीही मला ठाऊक नव्हते. ज्यांच्या हातून ढोल हिरावले गेले, त्यांच्या वंशजांनी प्रार्थनेच्या जागी टाळ्यांवर हा आघात सांभाळला, हे ठाऊक असते, तर निदान मी अधिक हळू बोललो असतो.

५. 'निसर्गाविरुद्ध ताल' हा आक्षेप

१९७० नंतरच्या दोन-तीन दशकांत ख्रिस्ती व्याख्यानांतून व पुस्तिकांतून असे वारंवार सांगितले जाई, की रॉकचा हललेला आघात हृदयाच्या ठोक्याच्या उलट असतो, तो निसर्गाविरुद्ध आहे आणि म्हणून तो स्वतःच अपायकारक आहे. आपल्याही तरुण शिबिरांत ही विधाने अनेकांनी ऐकली असतील. मीही ती पुढे सांगितली आहेत. त्यांचा विचार शांतपणे केला पाहिजे.

पहिली गोष्ट, हललेला आघात हा रॉकचा शोध नाही. युरोपच्या संगीतात तो चौदाव्या शतकापासून आहे. स्तोत्र ४६ वर आधारलेले मार्टिन लूथर यांचे प्रसिद्ध गीत सोळाव्या शतकात ज्या चालीवर गायिले जाई, तिच्यात लांब-आखूड स्वरांमुळे आघात ठिकठिकाणी हललेले होते. नंतरच्या काळात ती चाल सपाट, समान ठोक्यांची करण्यात आली आणि बाख यांच्या काळी ती त्या सपाट रूपातच रूढ होती. ज्या चालीला आज आपण गंभीर व संथ म्हणतो, तिचे मूळ रूप अधिक उसळते होते.

दुसरी गोष्ट, २००९ मध्ये इश्तवान विंक्लर, हेंकयान होनिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बालकांना बास ड्रम, स्नेअर व हाय-हॅट असलेला रॉकचा साधा ठेका ऐकविण्यात आला. अधूनमधून त्यातील 'एक', म्हणजे समेचा ठोका, गाळण्यात आला. तो गळताच बालकांच्या मेंदूतील विद्युत्-लहरींत वेगळी प्रतिक्रिया नोंदली गेली. कमी महत्त्वाचा ठोका गाळला तेव्हा तशी उमटली नाही. म्हणजे समेची अपेक्षा करण्याची शक्ती मनुष्य जन्मतःच घेऊन येतो. अपेक्षा आहे म्हणूनच तिला हुलकावणी देता येते. मारिया विटेक यांच्या गटाने २०१४ मध्ये ड्रमच्या अनेक ठेक्यांवर केलेल्या पाहणीत असे दिसले, की आघात फारच थोडे हलले किंवा फारच हलले तर ऐकणाऱ्याला डोलावेसे वाटत नाही. मध्यम प्रमाणात हलले तर सर्वाधिक वाटते. नियम आणि नियमाला दिलेला हलका धक्का या दोहोंचा तोल साधला पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

याचा अर्थ प्रत्येक रॉक गीत चांगले आहे असा मुळीच नाही. शब्द काय सांगतात, आवाज किती कर्कश आहे, गाणाऱ्यांचे शब्द ऐकू येतात की ड्रममध्ये बुडतात, हे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौलाने वाद्यांचा दृष्टांत घेऊन नाद स्पष्ट असावा हा मुद्दा मांडला आहे, तो येथे लागू पडतो. परंतु शब्दांचा दोष शब्दांना द्यावा, आवाजाचा आवाजाला. ठोका दोनऐवजी 'नि'वर पडला, हा नीतीचा प्रश्न नव्हे. स्तोत्र १५० चे भाषांतर तपासताना डफ आणि झांजा हे शब्द माझ्या लेखणीखालून अनेकदा गेले आहेत; त्या डफावर आघात कोणत्या घरात द्यावा, हे तेथे कोठेही सांगितलेले नाही.

६. घरी करावयाचा अभ्यास

खुर्चीवर सरळ बसा. उजवा हात उजव्या मांडीवर: हा हाय-हॅट. डावा हात डाव्या मांडीवर: हा स्नेअर. उजवा पाय जमिनीवर: हा बास ड्रम. भिंतीवरील घड्याळाचा प्रत्येक सेकंद म्हणजे एक ठोका. याहून जलद जाऊ नका.

पहिला दिवस: फक्त उजव्या हाताने आठही घरे वाजवा आणि तोंडाने मोजा. पाच मिनिटे. कंटाळा येईल, पण पाया हाच आहे.

दुसरा दिवस: मूळ ठेका घाला. पाय एक व तीनवर, डावा हात दोन व चारवर.

तिसरा दिवस: 'तीन'वरचा पाय काढून 'दोन'नंतरच्या 'नि'वर घाला. उजवा हात थांबू देऊ नका. 'तीन' तोंडाने उच्चारा, पायाने वाजवू नका.

चौथा दिवस: 'बी माय बेबी'चा साचा. 'दोन'वर डावा हात आपोआप उचलला जाईल; त्याला रोखा.

पाचवा दिवस: पायाने चार ठोके आणि हाताने बो डिडलीच्या पाच टाळ्या.

तीन चुका हमखास होतात. हललेला ठोका अकारण जोरात मारला जातो. तो इतरांइतकाच मारावा. रिकाम्या घराची भीती वाटून लय वाढते; म्हणून मोजणी तोंडाने, मोठ्याने करावी. आणि कठीण जागा साधल्याच्या आनंदात पुढचा 'एक' निसटतो. अवघड घर पार करून समेवर वेळेत परत येणे, यातच वादकाचे कौशल्य आहे.

हा सराव माझा नाही. ध्वनिफीत मोजून झाल्यावर मी त्या मुलाचा ठावठिकाणा शोधला. तो आता दुसऱ्या शहरात नोकरी करतो, दोन मुलांचा बाप आहे. मी दूरध्वनीवर त्याला म्हणालो, "मी मोजून पाहिले. तू चुकला नव्हतास." तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, दोननंतरच्या 'नि'वर होता ना पाय?" त्याला घरदेखील आठवत होते. पुढे एकदा तो आमच्याकडे आला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर हाताने वाजवीत त्याने मला हे पाच धडे दिले. त्यापूर्वीच मंडळीने तो ड्रमसेट विकून टाकला होता आणि त्यानंतर त्याने ड्रम वाजविले नाहीत. ती वर्षे मला परत देता येत नाहीत.

म्हणून, वाचकहो, शेजारच्या खोलीतून तो आवाज पुन्हा आला, की दार वाजवून आत जा. गाणे आवडले नाही तर तसे अवश्य सांगा. परंतु त्याआधी मुलाजवळ बसा आणि म्हणा, 'यातला एक कोठे आहे, मला दाखव.' मग दोघे मिळून मोजा.

मननासाठी व चर्चेसाठी प्रश्न

१. 'बॅकबीट' आणि 'हललेला आघात' यांतील फरक आपल्या शब्दांत सांगा.

२. 'तीन'वरचा ठोका 'दोन'नंतरच्या 'नि'वर आणला, तर आठ घरांत तो कसा लिहाल?

३. आपल्या मंडळीत गायिल्या जाणाऱ्या एखाद्या भजनात किंवा गीतात आघात कोठे हललेला आहे, ते टाळीने शोधा.

४. संगीताविषयी आपण दिलेला असा एखादा निर्णय आठवतो का, ज्यापूर्वी आपण मोजून पाहिले नव्हते? तो कोणाविषयी होता?